साहेबांची आशियाई पद्धत

“आपण चुकीचं खातो,” हे साहेब माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य. मी नुकताच रिक्षातून उतरत होतो. ट्रंक हातात होती, पुस्तकांची खोकी अजून सीटवर होती. भाडं किती, नळाला पाणी कधी येतं, यातलं काही विचारायच्या आत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निदान सांगून टाकलं. “तुम्ही, मी, हा रिक्षावाला. सगळे चुकीचं खातो.” रिक्षावाल्याने मान डोलावली. त्याला स्टँडवर परत जायची घाई होती.

नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो आणि गावाच्या कडेला, इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, साहेबांच्या घरामागच्या दोन खोल्या मला मिळाल्या होत्या. भाड्यात दोन वेळचं जेवण धरलेलं होतं. एकट्या माणसाला ही मोठीच सोय वाटली. जेवण कसलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

साहेब एका साखर कारखान्यातून मुख्य केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या वडिलांनी हयात मेंढरांमागे घालवली, मुलाने प्रयोगशाळेत. सगळं गाव त्यांना साहेब म्हणायचं. त्यांच्या पत्नीही साहेबच म्हणायच्या. गावाच्या तोंडी तो मान होता, काकूंच्या तोंडी शेरा.

नोकरीत असताना कारखान्याने त्यांना एकदा थायलंडला पाठवलं होतं, तिथली यंत्रं पाहायला. राहायची सोय तिथल्या एका इंजिनियरच्या घरी होती आणि त्या घरात इंजिनियरची म्हातारी आई स्वयंपाक करायची. साहेबांनी यंत्रं पाहिली असणारच, पण त्यांबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी चकार शब्द ऐकला नाही. त्या म्हातारीच्या कढईबद्दल मात्र मला तिच्या नातवंडांहून जास्त माहिती असेल. ती तेल कसं बोटाने पुसून घ्यायची, भाजी कढईत टाकून मागे वळायच्या आत कशी काढायची, मासा नुसत्या वाफेवर कसा शिजवायची, आणि जेवताना मधोमध कच्च्या पाल्याचं भलंमोठं ताट कसं असायचं.

“त्या घरात एकालाही पोट नव्हतं,” साहेब सांगायचे. “म्हातारीचं वय विचाराल तर विश्वास नाही बसायचा. जिना उतरताना कठड्याला हात लावायची नाही.”

याला ते ‘आशियाई पद्धत’ म्हणत. काकूंनी एकदा विचारलं, “आन् आपून कुठं ऱ्हातो मग, लंडनात?” साहेबांनी त्यावर बरंच समजावून सांगितलं. नकाशाच्या बाबतीत काकूंचं बरोबर होतं, पण साहेबांच्या लेखी आशिया बंगालच्या उपसागरापलीकडे सुरू होत असे.

स्वयंपाक करताना ते प्रयोगशाळेतला जुना पांढरा कोट घालत. पहिल्यांदा मी तो पाहिला तेव्हा मला वाटलं, घरात कोणी आजारी आहे आणि डॉक्टर आलेत. स्वयंपाकघराला ते ‘सेक्शन’ म्हणत आणि भाजीला ‘बॅच’. “आजची बॅच जरा पुढे गेली,” असं ते म्हणाले की समजायचं, दोडक्याचा लगदा झालाय. गवती चहाची पात आपल्याकडे चहात जाते, ते ती पाण्यात उकळून त्यात शेवग्याचा पाला, टोमॅटो आणि मिरची टाकत आणि त्याला सूप म्हणत. काकू त्याला काढा म्हणत. मी दोन्ही शब्द टाळायचो आणि वाटी पुढे करायचो.

खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं चांगलं लागायचं. माझ्या पँटी सैल झाल्या. कॉलेजातले सहकारी बाजूला घेऊन विचारू लागले, घरी सगळं ठीक आहे ना.

साहेब आधीपासून स्वयंपाक करत नव्हते. थायलंडहून आल्यावर कित्येक वर्षं त्यांची पद्धत केवळ तोंडी होती. काकू भाकरी आणि लालभडक तवंगाचं कालवण वाढायच्या, साहेब ते खाता खाता त्याविरुद्ध बोलायचे आणि आणखी थोडं मागायचे. पाण्याचा तांब्यादेखील या गृहस्थांनी कधी स्वतः भरून घेतला नव्हता. मग काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं तोवर कुणी फारसं मनावर घेतलं नाही. एक दिवस भाकरी उलटताना त्यांचा सबंध तळवा तव्यावर टेकला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी कपाटातून कोट काढला. मी राहायला आलो त्याच्या थोडंच आधीची ही गोष्ट.

डोळ्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. मोतीबिंदू काढावा लागेल, पण काकूंच्या रक्तात साखर फार आहे. गोळ्या चालू ठेवा, खाण्याकडे लक्ष द्या. साखर खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. म्हणजे त्या घरात जे काही शिजत होतं ते काकूंच्या डोळ्यांसाठी शिजत होतं. साहेब हे बोलून दाखवत नसत. ते ‘आरोग्य’ आणि ‘संतुलन’ असे शब्द वापरत.

त्यांची मुलगी इंदापूरला दिलेली. तिला पहिलं मूल झालं ते सासरीच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण आईलाच दिसत नाही, तर लेकीचं आणि बाळाचं कोण करणार, असं सासरच्यांनी म्हटलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. काकूंना ते लागलं. बारशाच्या आधी एकदा त्या नातीला बघून आल्या. बघून म्हणजे मांडीवर घेऊन. नाक, कान, जावळ सगळं बोटांनी चाचपलं. “कुणावर गेलीय?” असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “मऊ हाय.”

बाजारहाट साहेब स्वतः करत आणि मला सोबत नेत. मंडईत सांगवीचा एक माळी बसायचा, तात्या म्हणत त्याला. भाजी, पपई, लिंबं, सगळं त्याच्या मळ्यातलं. साहेबांना हवी असायची कच्ची पपई.

“तात्या, ही नको, पिवळी पडलीय. हिरवी द्या. कडक.”

“साहेब, चार दिसांनी या की. हिरवीला अजून चीक हाय.”

“मला चिकाचीच पाहिजे.”

तात्याने पपई कापडाने पुसली आणि जरा आवाज खाली घेऊन विचारलं, “जनावर आजारी हाय का घरी?”

“माणसांसाठी नेतोय.”

“असं व्हय,” तात्या म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सहानुभूती होती.

पपई किसून खलात घालायची, वर भाजलेले शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची, लिंबू, गूळ, आणि हलक्या हाताने ठेचायचं. काकूंच्या मते हा ठेचाच, वाट चुकलेला. साहेबांना मात्र या पदार्थाचा फार अभिमान. एकदा त्यांनी तो वाटीत घालून शेजारी दिला. शेजारणीच्या सुनेला तेव्हा दिवस गेलेले. वाटीत काय आहे ते कळल्यावर शेजारीणबाईंनी आधी सुनेला आतल्या खोलीत पाठवलं आणि मग कुंपणावरून आवाज दिला, “साहेब, पोटुशी बाई हाय घरात, आन् तुमी कच्ची पपई पाठवता? आमी तुमचं काय वाकडं केलंय?” साहेब थायलंडमधल्या गरोदर बायका काय खातात ते सांगायला कुंपणापाशी गेले. शेजारीणबाईंनी दार लावून घेतलं.

इंदापूरहून जावई अधूनमधून उजनीच्या पाण्यातली चिलापी पाठवायचा. एसटीच्या कंडक्टरच्या ओळखीने, ओल्या गोणपाटात बांधून. गाडीतले प्रवासी कंडक्टरला काय म्हणत ते त्यानेच आम्हाला स्टँडवर ऐकवलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेब ते मासे इडलीपात्रात वाफवत, वर लिंबू, लसूण आणि मिरची. मासा उत्तम व्हायचा. इडलीला मात्र त्यानंतर कायम उजनीचा वास येई.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व होतं आणि ते कळल्याशिवाय साहेब कळायचे नाहीत. “चार चवी,” ते बोटं दाखवून सांगत. “गोड, आंबट, खारट, तिखट. प्रत्येक घासात चारी पाहिजेत. चारांतली एक कमी पडली तर म्हातारी ताट परत पाठवायची.” यातली गोडी थायलंडात ताडाच्या गुळाची. इथे त्यांनी चुलतभावाच्या गुऱ्हाळातून गूळ आणला, काळपट, बिनरसायनाचा, आणि तो प्रत्येक सुपात, कोशिंबिरीत, माशावर, पपईवर पडायचा. साखर मात्र घरातून हद्दपार. साखर पांढरी करायला काय काय वापरतात हे त्यांनी नोकरीभर पाहिलेलं होतं, त्यामुळे साखर विष आणि गूळ औषध, ही त्यांच्यापुरती प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट होती. त्या मुलखात घरोघरी हीच समजूत होती. बाळंतिणीला गूळ, उन्हातून आलेल्याला गूळ, दमलेल्या बैलाला गूळ. औषधाला कोण नाही म्हणणार.

साखरेविरुद्धची त्यांची लढाई चालायची ती एका नळीने. ऊस तोडणीला आला की नाही हे पाहायला कारखान्याची माणसं शेतात वीतभर लांबीची, टोकाला काच बसवलेली नळी घेऊन फिरतात. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, नळी उजेडाकडे धरून डोळा लावायचा, की आत गोडीचा आकडा दिसतो. निवृत्त होताना बाकीच्यांनी घड्याळ घेतलं असतं, साहेबांनी ही नळी ठेवून घेतली. कुणाच्याही घरी गेले की ते खिशातून ती काढत आणि समोर आलेल्या चहाचा थेंब तिच्यावर टाकत. मग काही न बोलता कप दूर सारत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं यजमानांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

नातीचं बारसं इंदापुरात झालं, तेव्हा मीही गेलो होतो. व्याही कारखान्याचे माजी संचालक. संचालकपद गेलं होतं, माईक राहिला होता. दारात मांडव, मांडवात खुर्च्या, आणि व्याही स्वतः माईकवरून येणाऱ्याचं नाव, गाव आणि जमीन जाहीर करत होते. साहेबांचा उल्लेख “परदेश दौरा केलेले आमचे व्याही” असा झाला. साहेबांनी हात जोडले, बसले, चहा आला, आणि त्यांनी खिशात हात घातला.

“साहेब, हे काय?” व्याह्यांनी विचारलं. माईक बंद करायचा राहिला होता.

“चहा बघतोय.”

“पाव्हणं, चहा प्यायचा असतोय.”

साहेबांनी नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. ते एरवी पुस्तकी बोलत, पण मनातलं बोलायची वेळ आली की मेंढपाळाचा मुलगा जागा व्हायचा. “हा चहा न्हाय, पाव्हणं. ही मळी हाय.”

मळी म्हणजे साखर निघाल्यावर कारखान्यात उरणारा काळा चिकट पाक. मांडवातल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत होता आणि माईकमुळे तो मांडवाबाहेरही गेला.

“संचालक होतो मी,” व्याही म्हणाले. “माझ्या दारात साखर कमी पडली असं कुणी म्हणायला नको.”

आत बायकांत काकू नातीला घेऊन बसल्या होत्या. ज्या येत होत्या त्या नातीची अलाबला घेऊन आजीच्या हातात पेढा ठेवत होत्या. साहेब चहा सोडून उठले, बायकांच्या घोळक्यात शिरले आणि काकूंच्या हातातला एकेक पेढा काढून आपल्या खिशात टाकू लागले. ‘कशाला, एखादा खाऊ दे की,’ असं सगळ्या म्हणत होत्या. साहेब खांबासारखे उभे. काकूंनी तोंड फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, “नातीचं नाव ठिवलं आन् माझ्या तोंडाला कुलूप.”

परतताना एसटीत तिघांच्या बाकावर मी मध्ये बसलो. काकू खिडकीकडे तोंड करून, जणू बाहेरचं सगळं दिसतंय. साहेबांच्या खिशातले पेढे उन्हाने विरघळले होते आणि बारामती येईपर्यंत त्यांना मुंग्या लागल्या.

पुढच्या तपासणीत साखर होती तिथेच होती. त्याच्या पुढच्या तपासणीतही तसंच. साहेब हबकले. त्यांच्या हिशेबाने पद्धत अचूक होती, तेव्हा चूक माणसाची असणार. काकू कुठेतरी चोरून गोड खातायत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ताकीद दिली. शेजारणीला कुंपणावरून निरोप दिला, म्हणजे आधीच्या भांडणात भर घातली. मला पहाऱ्याला नेमायचा प्रयत्न केला. मी सांगितलं, मला परीक्षेच्या हॉलमध्येही कुणी कॉपी करताना सापडत नाही.

इकडे काकूंना दिसायचं तेही आणखी धुरकट होत चाललं. घरात त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या. डॉक्टर साहेबांना म्हणाले, “साखर बंद आहे ना नक्की?”

“संपूर्ण बंद,” साहेब म्हणाले, आणि ते खरं होतं.

“मग फार उशीर करू नका. कसंही करून आणा खाली.”

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. सुपाच्या वाट्या भरलेल्या, पपई, वाफवलेला चाकवत, भात. साहेबांनी रिपोर्टची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

“कुठं खातेस?” ते म्हणाले. “एकदा सांगून टाक. मी रागावणार न्हाय.”

“कुठं जाते मी? मला वाट दिसती का?”

“कुणी आणून देत असंल.”

“तुमच्या धाकानं चिमणीबी दाणा टाकीना हितं.” काकूंनी वाटी चाचपली आणि ताटाच्या कडेला सरकवली. “ती नळी आणा तुमची.”

“कशाला?”

“दुनियेच्या चहात बुडवून झाली. आज ह्यात बुडवा.”

साहेब हसले. मग उठून नळी आणली. सुपाचा थेंब काचेवर टाकला आणि ट्यूबलाइटकडे धरला. बराच वेळ डोळा तिथेच होता. मग ते म्हणाले, “यात मीठपण आहे. मिठानं आकडा वाढतो.” त्यांनी काच पुसली, पपईचा रस पिळला, पुन्हा पाहिलं. या वेळी मिठाबद्दल काही बोलले नाहीत. नळी ताटाशेजारी ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले.

ज्या माणसाने उभी नोकरी उसाच्या रसात किती साखर आहे हे मोजण्यात घालवली, त्याला गूळ म्हणजे आटवलेला तोच रस, हे ठाऊक नव्हतं असं मी कसं म्हणू? ते कारखान्यात ठाऊक होतं. घरी आल्यावर गूळ हा चुलतभावाचा होता, म्हातारीचा होता, आशियाई पद्धतीतला होता.

“गूळ,” शेवटी ते म्हणाले.

“मग काय,” काकू म्हणाल्या. “गूळ काय चिंचेला लागतो?”

“तुला माहीत होतं?”

“ऊस चघळणाऱ्या पोरालाबी माहीत असतंय.”

“मग इतके दिवस बोलली का न्हाईस?”

काकूंनी हाताने भात गोळा केला. “गोड लागायचं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब सकाळीच मंडईत गेले. काकू ओसरीवर बसून, पानाला बोटाने पारखत, मेथी निवडत होत्या. मी कॉलेजला निघालो होतो, त्यांनी थांबवलं.

“सर, तुमास्नी वाटत असंल, म्हातारी गुळापायी आंधळी व्हायला निघाली.”

असंच काहीसं मला वाटलं होतं.

“लगीन झाल्यापासनं मी वाढत आले, सर. सासू, सासरे, दीर, मग हे, मग पोरगी. सगळ्यांचं झालं की खाली काय ऱ्हाईल ते खायचं. बसल्या जागी ताट म्होरं येतं म्हंजी काय असतं, ते डोळं गेल्यावर कळलं मला. पाला असंना, काढा असंना. माणूस करून वाढतंय. वर विचारतंय, जमलंय का.” त्यांनी एक काडी मोडली. “डोळं आलं की सेक्शन पुन्ना माझाच. हे बसतील पेपर घिऊन आन् भाषण करत. म्हटलं, ऱ्हाऊ दे. आज न्हाय तर उद्या होईल आपरेशन.”

“आणि नात?”

त्यांचे हात थांबले. “तिला दात आलाय. परवा पोरगी घिऊन आली तवा मी बोटानं बघितला.” पुढची काडी उचलून म्हणाल्या, “दात काय बोटानं बघायची चीज हाय?”

मेथी निवडून झाली तरी त्या ताटात बोटं फिरवत राहिल्या. मग ताट माझ्याकडे सरकवलं. “आत ठिवा. आन् त्यास्नी काय बोलू नका. काढू द्या गूळ.”

गूळ त्याच दिवशी गेला. साहेबांनी डबा उचलून कुंपणावरून शेजारणीला दिला. सून बाळंत झाली होती, डिंकाचे लाडू करायचे होते. शेजारीणबाईंनी डब्याचा वास घेतला, साहेबांकडे पाहिलं, आणि बऱ्याच महिन्यांनी हसल्या.

स्वयंपाक मात्र बिघडला. चारांतली एक चव गेल्यावर बाकीच्या तिघी एकमेकींच्या अंगावर धावून जायला लागल्या. पपई नुसती आंबट, सूप नुसतं तिखट. “म्हातारीनं ताट परत पाठवलं असतं,” साहेब दर जेवणाला खिन्नपणे म्हणत. ते कांदा निखाऱ्यावर भाजून सुपात घालून पाहू लागले, की तेवढीच गोडी. भाताची वाटी लहान झाली. ज्वारीची भाकरी परत आली, ती ते थापत तेव्हा तिचा आकार रोज निराळा असे. हुलग्याचं माडगं आलं, जे काकूंच्या सासऱ्यांनी मेंढरांमागे फिरताना जन्मभर प्यायलं होतं. साहेबांनी त्यालाही आशियाई म्हणून मान्यता दिली. काकू तोंड वाकडं करत आणि वाटी रिकामी करत. एकदाही त्यांनी ताट मागे सारलं नाही. मी पाहत होतो, त्या प्रत्येक घासाबरोबर काहीतरी सोडत होत्या, आणि साहेबांना त्याचा पत्ता नव्हता.

साखर हळूहळू उतरली. डॉक्टरांनी होकार दिला त्या दिवशी साहेब मंडईतून परतताना सांगवीच्या तात्याला, किराणावाल्याला आणि एका अनोळखी माणसाला ही बातमी सांगून आले. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी, मग काळा चष्मा, मग थेंब. या दिवसांत साहेब काकूंना चमच्याने भरवत आणि मध्येच त्या चमच्यातलं आपण चाखून पाहत.

चष्मा निघाल्यावर लेक नातीला घेऊन आली. काकूंनी तिला उजेडात, दारापाशी नेलं. मुलगी रडायच्या बेतात होती, पण काकूंच्या नाकातल्या चमकीकडे बघून थांबली. दोघी एकमेकींना बघत होत्या.

“नाक तर व्याह्याचं आलंय,” काकू म्हणाल्या.

“आई,” लेक म्हणाली.

“असू दे गं. तिला शोभतंय.” आणि मग पदराने तिचं तोंड पुसत, “काळी सावळी म्हणून कुणी सांगितलं न्हवतं मला. माझ्यावर गेलीय की.”

लेक दुपारच्या गाडीने इंदापूरला परत गेली. तिसऱ्या प्रहरी साहेबांनी मला बोलावलं, साक्षीदार म्हणून. त्यांनी स्वयंपाकघर घासून पुसून ठेवलं होतं, भांडी मांडणीवर उभी केली होती. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेत उभे राहिले असतील तसे ते दारात उभे होते.

“चार्ज देतोय,” ते काकूंना म्हणाले. “तुझं तू बघ आता. मी आपला सुटलो.” सुटलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

काकू आत गेल्या. सावकाश सगळीकडे पाहिलं. खल पाहिला, इडलीपात्राचं झाकण उचलून वास घेतला, परत ठेवलं.

“ह्या भिंतीवर काय उडालंय हे?”

“पहिली बॅच,” साहेब म्हणाले. “निघत न्हाय ते.”

काकू बाहेर आल्या. मला वाटलं, पदर खोचतील. त्यांनी भिंतीशी उभा केलेला पाट घेतला, स्वयंपाकघराच्या दारात मांडला आणि त्यावर मांडी घालून बसल्या.

“भूक लागलीया,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “मग... करू का काय?”

“करा की. इतकं दिस काय खात होते ते बघू तरी द्या.”

साहेब आत गेले. काही वेळाने पाट्यावर लसूण ठेचल्याचा आवाज आला, मग पातेल्याचा. ते पाठमोरे उभे राहून मिरची चिरत होते आणि चिरता चिरता म्हातारी सुरी कशी धरायची ते मला दारातून सांगत होते. काकू ऐकत नव्हत्या. त्या बघत होत्या, हात मांडीवर ठेवून. सकाळी नातीकडेही त्यांनी इतका वेळ पाहिलं नव्हतं.

“बोट सांभाळा, साहेब,” त्या म्हणाल्या.